आधी खोड, मग कुंडी: धाराशिवच्या हवेत बोन्साय घडवण्याचा आढावा

रोपवाटिकेत ‘बोन्साय’ म्हणून जे विकले जाते त्यात बरेचदा दोनच गोष्टी असतात: चकचकीत पसरट कुंडी आणि तिच्यात कोंबलेले बोटाएवढ्या खोडाचे रोप. वर्षभरात ते रोप एक तर वाळते, नाहीतर होते तसेच राहते. खोड जाड होत नाही, साल खरखरीत होत नाही आणि बोन्सायकडून ज्या वयस्करपणाची अपेक्षा असते तो काही त्याच्या अंगावर येत नाही. दोष रोपाचा नसतो. बोन्साय उथळ कुंडीत घडत नाही, तिथे ते राखले जाते. घडते ते आधी, जमिनीत किंवा मोठ्या भांड्यात, पाच-सात वर्षांच्या वाढीतून आणि छाटण्यांतून.

या पाच-सात वर्षांत कधी कापायचे, कुठे कापायचे आणि केव्हा कात्रीला हातही लावायचा नाही, हा या लेखाचा विषय आहे. बोन्सायवरची बहुतेक पुस्तके जपानी ऋतूंवर बेतलेली आहेत. पुण्या-मुंबईत अनेक वर्षांपासून बोन्सायची मंडळे, कार्यशाळा आणि प्रदर्शने आहेत, २०१८ मध्ये पुण्यात आंतरराष्ट्रीय बोन्साय परिषदही भरली. पण बालाघाटाच्या पठारावर, पर्जन्यछायेत, मे महिन्यात चाळिशीच्या वर जाणाऱ्या तापमानात झाड कसे वागते, याची उत्तरे त्या पुस्तकांत फारशी मिळत नाहीत. ती मिळतात धाराशिवच्याच शेतांत. द्राक्षाची खरड छाटणी, डाळिंबाचा बहार, हरभऱ्याची शेंडा खुडणी या सगळ्यांत बोन्सायचे अर्धे शास्त्र आधीच आहे. ते ओळखून कुंडीपर्यंत आणायचे एवढेच काम आहे.

पुस्तकातला हिवाळा आणि इथला चैत्र

टोकियोच्या उत्तरेला सैतामा प्रांतात ओमिया नावाचे बोन्साय गाव आहे. १९२३ च्या कांतो भूकंपानंतर टोकियोतल्या काही बोन्साय व्यावसायिकांनी चांगली माती, पाणी आणि मोकळी जागा शोधत तिकडे मुक्काम हलवला आणि १९२५ मध्ये ते गाव वसले. तिथल्या हिवाळ्यात मेपल पूर्ण पानगळ करून झोपी जाते. मार्चच्या सुमारास डोळे फुगू लागण्याआधी कुंडी बदलायची, वसंतात वाढू द्यायचे, उन्हाळ्याच्या तोंडाशी पाने काढायची, थंडीत रचनेची मोठी छाटणी करायची, असे ते वेळापत्रक. ‘हिवाळ्यात छाटा’ हा सल्ला तिथे शंभर टक्के खरा आहे.

धाराशिवमध्ये डिसेंबर-जानेवारीत रात्री गारठा पडतो, पण दुपार उबदार असते. वडाला, नांदरुकाला किंवा चिंचेला त्या थंडीत खरी झोप लागत नाही, वाढ नुसती मंदावते. तेव्हा मोठी फांदी कापली तर जखम महिनोन्‌महिने उघडी राहते आणि डोळे फुटायला तयार नसतात. इथल्या झाडांचा वसंत फाल्गुन-चैत्रात येतो. पिंपळ पाने गाळतो आणि लगेच तांबूस पालवीने भरून जातो. कडुलिंब, चिंच थोड्या पुढेमागे तेच करतात. विशेष म्हणजे ही चैत्रपालवी पावसाची वाट पाहत नाही. झाडाने आदल्या पावसाळ्यात खोडात आणि मुळात साठवलेल्या पिष्टावर ती येते.

दुसरी उसळी मृग-आर्द्राच्या पावसाने येते. ती साठ्यावर नव्हे, चालू कमाईवर चालते: पाणी, दमट हवा, ऊन-सावली. तिसरी, लहानशी, परतीच्या पावसानंतर हस्त-चित्राच्या सुमारास दिसते. धाराशिवमध्ये सप्टेंबरचा पाऊस बरेचदा वर्ष तारून नेतो. त्या ओलीवर ऑक्टोबरच्या उन्हात झाड पुन्हा फुटते. म्हणजे जपानी पुस्तकातले चार ऋतू इथे दोन मोठ्या आणि एका छोट्या फुटीत बदलतात, आणि दोन विश्रांतीचे काळ उरतात: पौष-माघातला थंडीचा आणि वैशाखातला होरपळीचा. छाटणीचे सगळे वेळापत्रक या मांडणीवर उभे करायला हवे.

द्राक्षबागेची शाळा

हे करणे शक्य आहे याचा पुरावा तुळजापूर तालुक्यातल्या द्राक्षबागा देतात. द्राक्षवेल मुळात समशीतोष्ण हवेची. युरोपात ती हिवाळ्यात झोपते आणि वर्षातून एकदा छाटली जाते. महाराष्ट्रात ती झोपतच नाही. म्हणून इथे वर्षात दोन छाटण्या बसवल्या गेल्या. एप्रिलची खरड छाटणी काडी तयार करण्यासाठी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी फळासाठी. खरड छाटणीत जुनी काडी एका डोळ्यापर्यंत मागे घेतात. नव्या काडीवर पुढच्या काही आठवड्यांत सूक्ष्म घडनिर्मिती होते, आणि ऑक्टोबरात नेमक्या डोळ्यावर काप घेऊन तो घड बाहेर आणतात. परक्या हवेतले झाड इथल्या हवेत आणून त्याचे वर्षच नव्याने मांडण्याचा हा प्रयोग आहे आणि तो आर्थिकदृष्ट्याही टिकला आहे.

बोन्सायवाल्याने खरे तर नव्या बागेकडे पाहावे, तिच्या पहिल्या दोन वर्षांकडे. डॉगरिजचा खुंट लावतात, पावसाळ्याच्या अखेरीस त्यावर कलम भरतात, ते वाढू देतात आणि जानेवारी अखेर-फेब्रुवारीत, थंडी ओसरताना, जोडाच्या वर काही डोळे ठेवून सगळे कापून टाकतात. याला रिकट म्हणतात. नवखा माणूस हळहळतो, पण त्या कापानंतर येणारी फूट सरळ, जोमदार आणि जाड असते, तिचेच खोड होते. मग ओलांडे. ओलांडा एका दमात तारेवर लांबवर पळवत नाहीत. आठ-दहा पाने झाली की शेंडा मारतात, थांबतात, बगलफुटींना काड्या होऊ देतात, मग टोकाजवळची फूट पुढे नेतात. शेतकरी याला सरळ ‘स्टॉप अँड गो’ म्हणतात. एका दमात पळवलेल्या ओलांड्यावर मधली जागा रिकामी राहते, काड्या विषम येतात.

दक्षिण चीनच्या ग्वांगडाँगमध्ये लिंगनान नावाची बोन्सायची एक परंपरा आहे. तिथे तारेपेक्षा कात्रीवर भर असतो. फांदी हवी तेवढी जाड होईपर्यंत मोकळी वाढवायची, मग आखूड कापायची, कापाजवळच्या डोळ्यातून दुसऱ्या दिशेने जाणारी नवी फूट घ्यायची, ती जाड झाली की पुन्हा कापायची. प्रत्येक टप्पा मागच्यापेक्षा आखूड आणि बारीक. त्यातून खोडाला खाली जाड, वर निमुळते असे रूप येते आणि फांदीला नैसर्गिक वळणे मिळतात. ओलांड्याची ‘स्टॉप अँड गो’ आणि लिंगनानची ‘वाढवा-कापा’ या रीतींचे तत्त्व एकच आहे. फरक हेतूचा आहे. बागायतदाराला सरळ ओलांडा आणि एकसारख्या काड्या हव्यात, बोन्सायवाल्याला वळण आणि विषमता हवी. म्हणून एक डोळा सरळ रेषेतला निवडतो, दुसरा बाजूचा.

आजवर उष्ण प्रदेशांतल्या बोन्सायची जी वाढ झाली, तैवान आणि इंडोनेशियातल्या फायकसच्या, म्हणजे वड-पिंपळाच्या गोतातल्या, झाडांनी जे नाव कमावले, त्यात या मार्गाचाही वाटा आहे. वर्षभर वाढणाऱ्या झाडाला तारेने वाकवून बसवण्यापेक्षा कापून वळवणे स्वस्त पडते आणि टिकते.

रोप कुठून आणायचे

बियाणे, छाट कलम, भिंतीत उगवलेले रोप आणि आयते जाड खोड असे चार मार्ग आहेत. बियाण्यापासून चिंच चांगली येते. चिंचोका सहज रुजतो, संयुक्त पाने मुळातच बारीक असतात आणि सालीला लवकर खरबरीतपणा येतो. पण बोटाएवढ्या खोडावरून मनगटाएवढे व्हायला जमिनीतही बरीच वर्षे जातात. घाई नसणाऱ्यासाठी चिंच हे या जिल्ह्यातले सर्वांत गुणी झाड आहे.

वडासाठी छाट कलम. वडाची जाड फांदीही पावसाच्या सुरुवातीला सहज मुळे धरते. योगायोग असा की वटपौर्णिमा नेमकी ज्येष्ठात येते. त्या दिवशी तुळजापूर-उमरग्याच्या बाजारात वडाच्या फांद्या विकायला येतात आणि दुसऱ्या दिवशी कचऱ्यात जातात. पूजेसाठी फांद्या तोडू नयेत हे म्हणणे योग्यच आहे. पण तोडलेली, अंगठ्यापेक्षा जाड आणि अजून हिरवी असलेली फांदी पाने काढून, खालचा काप ताजा करून, वाळू-खताच्या मिश्रणात सावलीत रोवली तर तिला जगण्याची चांगली संधी असते. अशा फांदीने सुरुवातीची दोन-तीन वर्षे वाचतात.

पिंपळ आणि उंबर भिंतींतून मिळतात. पक्ष्यांच्या विष्ठेतून बी पडते आणि विहिरीच्या कठड्यावर, पडक्या वाड्यात, पाण्याच्या टाकीखाली रोप येते. घराच्या भिंतीतले रोप तसेही काढावेच लागते, मुळे चिरे सरकवतात. नळदुर्ग किंवा परांडा किल्ल्याच्या तटावरही अशी झाडे असतात. ती मात्र संरक्षित वास्तूवर आहेत, त्यांना हात लावण्याचा अधिकार पुरातत्त्व खात्याचा. तसेच येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यातून रोप उपटणे हा छंद नव्हे, गुन्हा आहे.

चौथा मार्ग या जिल्ह्याचा खास आहे. जिल्ह्याच्या जुन्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उस्मानाबादी शेळीचे नाव देशभर आहे. जिथे शेळ्या रोज चरतात तिथल्या बांधावरच्या बोरी, करवंदी, हिवराची झुडपे वर्षानुवर्षे शेंडे खाल्ले गेल्याने गुडघ्याएवढीच राहतात. वरून गच्च फुटवे, खाली मात्र जाडजूड, वाकडे, जखमा भरलेले बुंधे. जपानी लोक डोंगरातून असे खुजे झालेले झाड शोधून आणतात. ते बर्फ आणि वाऱ्याने घडलेले असते, आपले शेळीने. स्वतःच्या किंवा परवानगी दिलेल्या शेतातल्या बांधावरची बोर नांगरटीत जाणारच असेल तर ती आधी काढून घ्यावी. काढणे मात्र कठीण असते. बोरीचे सोटमूळ खोल जाते आणि एकदम उपटलेली बोर क्वचित जगते. एका वर्षी पावसाळ्यापूर्वी एका बाजूने चर खणून मुळे कापायची, दुसऱ्या वर्षी दुसऱ्या बाजूने, मग आर्द्रात काढायची, असे टप्पे पाळले तर बोर जगण्याची शक्यता वाढते.

खोड: वाढवण्याची वर्षे

खोड कशाने जाड होते याविषयी सर्वांत जास्त गैरसमज आहे. छाटल्याने खोड जाड होते असे पुष्कळांना वाटते. उलट आहे. खोडाची जाडी वरच्या पानांनी तयार केलेल्या अन्नावर अवलंबून असते. जितकी पाने, जितकी मोकळी वाढ, तितके खोड जाड. छाटणीने खोडाला फक्त आकार मिळतो. म्हणून पहिली दोन-तीन वर्षे झाड पुरुषभर उंच गेले तरी जाऊ द्यावे.

जागा शक्यतो जमिनीतली असावी, पण काळ्या मातीत थेट नको. कापसाची काळी माती पावसात फुगते, पाणी धरून ठेवते आणि उन्हात भेगाळून मुळे तोडते. मुरूम मिसळलेला उंचवटा किंवा बांध बरा. लावताना बुंध्याखाली शहाबादी फरशीचा वीतभर तुकडा ठेवावा. सोटमूळ असेल तर ते आधीच कापावे, फरशीमुळे नवी मुळे खाली न जाता आडवी पसरतात. पुढे बुंध्याभोवती जमिनीवर दिसणाऱ्या मुळांचा जो पसारा बोन्सायला भारदस्तपणा देतो, त्याची तयारी इथेच होते. नंतर कुंडीत ती करता येत नाही. ज्यांच्याकडे जमीन नाही त्यांनी टोमॅटोचे प्लॅस्टिक क्रेट जाळी लावून वापरावे. छिद्रांपाशी हवा लागून मुळांची टोके आपोआप थांबतात आणि आत बारीक मुळांचे जाळे वाढते.

या काळात एकच कौशल्य लागते: बळीची फांदी. बुंध्याजवळ एखादी फांदी मुद्दाम मोकळी सोडायची. ती कधीच रचनेत येणार नसते. तिच्यामुळे बुंध्याची ती बाजू जाड होते आणि काम झाले की ती कापली जाते. घरच्यांना ती ‘सर्वांत छान वाढलेली’ वाटते, पण वेळ आली की ती जायलाच हवी.

पहिला मोठा काप

खोड हव्या त्या जाडीच्या जवळ आले की त्याची उंची कमी करायची. ढोबळ नियम असा की अंतिम झाडाची उंची बुंध्याच्या जाडीच्या सहापट दिसावी. पहिला काप त्या उंचीच्या एक तृतीयांशावर घेतला जातो, म्हणजे वरचे दोन तृतीयांश नव्या, निमुळत्या खोडासाठी उरतात.

हा काप कधी घ्यायचा, यावर पुस्तके आणि इथला अनुभव सर्वांत जास्त भांडतात. झाडाप्रमाणे उत्तर बदलते. वड, नांदरुक, पिंपळ, उंबर यांसाठी आर्द्रा नक्षत्राच्या आसपास, दोन चांगले पाऊस झाल्यावर. हवा दमट, वाढ जोरात, पुढे चार महिने. चीक पाण्याने धुतला की थांबतो आणि जखम त्याच हंगामात कडेने भरू लागते. चिंच आणि बोर यांसाठी फाल्गुन अखेर, पालवीच्या आधी, कारण साठा खोडात भरलेला असतो आणि पालवीबरोबर नवे डोळे बुंध्यावरही फुटतात. मात्र पुढचा वैशाख शेडनेटखाली काढावा लागतो. डाळिंबासाठी थंडी ओसरतानाच्या आंबे बहाराच्या छाटणीचाच काळ. वैशाखात कुठल्याच झाडाचा मोठा काप नको.

इथे द्राक्षाचे उदाहरण जसेच्या तसे लागू करू नये. एप्रिलच्या उन्हात खरड छाटणी चालते कारण वेलीची मुळे जमिनीत खोल आणि ठिबकच्या ओलीत असतात. क्रेटमधल्या किंवा कुंडीतल्या मुळांना तो आधार नाही. दुपारी उन्हात तापलेल्या पसरट कुंडीची माती हाताला चटका देते, बारीक मुळे तिथेच मरतात.

कापाची रीतही झाडागणिक वेगळी. वडाला काप जवळून घेतला तरी चालतो. बोगनवेलीचे लाकूड मऊ, मोठ्या कापातून खाली कुजत येते. तिथे खुंट थोडा लांब ठेवून, तो वाळल्यावर पुढच्या हंगामात साफ करावा. चिंचेलाही खुंटाची सवलत द्यावी. कापावर लावायला परदेशी मलम शोधत बसू नये. डाळिंब-द्राक्षवाल्यांच्या घरी बोर्डो पेस्ट असतेच. कात्री धारदार आणि स्वच्छ असली की सिकेटरनेही सुरुवातीचे सगळे काम होते.

फांद्या: तारेचे काम, कात्रीचे काम

हरभरा गुडघ्याखाली असताना बायका शेंडे खुडतात, त्यांची भाजी होते आणि झाडाला फुटवे येतात. कारण शेंड्यात तयार होणारे ऑक्सिन खालच्या डोळ्यांना दाबून ठेवते. शेंडा गेला की दाब सुटतो. बोन्सायच्या फांद्यांची सगळी छाटणी याच एका वस्तुस्थितीवर चालते. दोन तपशील मात्र लक्षात घ्यावे लागतात.

पहिला, झाड वरून जास्त जोर करते. शेंडा आणि वरच्या फांद्या फोफावतात, खालच्या मागे पडतात. म्हणून सगळीकडे सारखी कात्री फिरवणे चूक आहे. वर कडक छाटावे, मध्ये मध्यम, आणि सर्वांत खालची फांदी, जी सर्वांत जाड दिसायला हवी, तिला एक-दोन हंगाम मोकळे सोडावे. बहुतेक फसलेल्या बोन्सायांत खालची फांदी काडीसारखी आणि वर झाडू झालेला असतो, तो या चुकीमुळे.

दुसरा, नवी फूट कोवळी असताना कापू नये. कोवळी पाने साठ्यातून खातात, घट्ट झाल्यावर कमावतात. सहा-आठ पाने होऊन घट्ट झाली की दोन पानांवर मागे घ्यावे. डोळा बाहेरच्या बाजूचा ठेवावा, म्हणजे पुढची फूट खोडापासून दूर जाते. चांगल्या पावसाळ्यात वडावर हे चक्र दोन-तीनदा फिरते. एका वर्षात उपफांद्यांच्या दोन पायऱ्या मिळतात. थंड प्रदेशातल्या झाडाला तेवढ्यासाठी दोन वर्षे लागू शकतात. उष्ण हवेचा हा फायदा आहे आणि तो फुकट घालवू नये.

बाकीची निवड डोळ्यांनी करायची असते. समोरासमोरच्या दोन फांद्यांपैकी एक काढावी, एकाच जागेतून निघालेल्या तिघींपैकी दोन ठेवाव्यात, खोडाला आडवी ओलांडून जाणारी काढावी. बुंध्यातून सरळ वर जाणारे पाणसोट लगेच काढावेत, खोडाची जाडी वाढवायची असेल तरच ठेवावेत.

तार वाईट नाही. अ‍ॅल्युमिनियमची तार नवशिक्याला सोपी, तांब्याची पक्की. फांदीचा पहिला कल बसवायला, विशेषतः ती खोडापासून जिथे निघते तिथे, तारेला पर्याय नाही. पण श्रावणात नांदरुकाची फांदी काही आठवड्यांतच जाड होते आणि तार सालीत रुतते. तो व्रण वर्षानुवर्षे जात नाही. पावसाळ्यात तार असेल तर दर आठवड्याला पाहावी आणि काढताना उलगडत न बसता तुकडे करून काढावी.

पाने काढणे

वडाचे पान हातभर नसले तरी तळहाताएवढे असते. टीचभर झाडावर ते विजोड दिसते. फायकसची सगळी पाने देठ ठेवून कापून टाकली की नवी पाने लहान येतात आणि सगळे डोळे एकदम फुटतात. पण हा उपाय घडून झालेल्या झाडासाठी आहे, घडणाऱ्यासाठी नाही. ज्या झाडाचे खोड अजून वाढवायचे आहे त्याची पाने काढणे म्हणजे त्याची कमाई बंद करणे. वर्षातून एकदा, निरोगी झाडावर, आणि कुंडी बदललेल्या वर्षी मुळीच नाही. वेळ चैत्रपालवीच्या तोंडाशी किंवा पावसाच्या सुरुवातीला.

तरीही पिंपळ आणि वडाचे पान एका मर्यादेखाली लहान होत नाही. म्हणून त्यांचे बोन्साय दोन-तीन फूट उंच करावे. टीचभर झाडाचा हट्ट असेल तर चिंच, नांदरुक, कामिनी किंवा करवंद घ्यावे. वडाच्या पारंब्यांबाबतही असाच संयम हवा. कोकणात त्या कुंडीतल्या वडालाही लोंबतात. धाराशिवच्या कोरड्या हवेत श्रावण-भाद्रपद सोडता त्या वाळतात. पावसाळ्यात आलेली पारंबी नळीत ओला काथ्या भरून मातीपर्यंत पोचवली तरच टिकते.

कुंडी, माती, पाणी

फांद्यांचा ढाचा उभा राहिला, म्हणजे पाचव्या-सहाव्या वर्षी, झाड जमिनीतून काढायचे. फायकससाठी मृग-आर्द्राचाच काळ. मुळांचा तिसरा हिस्सा जातो, म्हणून पानेही तेवढी कमी करावीत. आधी खोल कुंडीत, मग उथळ कुंडीत. पुढे दर दोन वर्षांनी मुळांची छाटणी.

जपानमध्ये आकादामा नावाची भाजलेल्या दाण्यांसारखी चिकणमाती वापरतात. ती मागवण्याची गरज नाही. विटांचे चाळलेले तुकडे, जाड वाळू किंवा बारीक मुरूम आणि कुजलेले शेणखत, तिन्ही चाळून धूळ काढलेली, एवढ्याने काम होते. उन्हाळ्यात ओल टिकण्यासाठी खताचा वाटा थोडा वाढवावा. बसाल्टमधल्या बोअरचे पाणी बहुधा जड असते. कुंडीच्या काठावर पांढरा थर चढला की ते ओळखावे. पावसाचे पाणी टाकीत साठवून महिन्यातून काही वेळा तेच भरपूर घालावे, म्हणजे क्षार धुऊन जातात.

कुंडीसाठी बाहेर पाहायचीही गरज नाही. कुंभारकाम करणाऱ्या संत गोरोबाकाकांचे गाव तेर याच जिल्ह्यात आहे. कुंभाराकडून पसरट, तळाला दोन-तीन मोठी छिद्रे आणि खाली पाय असलेली, नीट भाजलेली कुंडी सांगून करून घेता येते. न रंगवलेल्या मातीच्या कुंडीतून पाणी झिरपते आणि मुळे थंड राहतात. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात याचे मोल चकाकीपेक्षा जास्त. वैशाखात मात्र शेडनेट, सकाळ-संध्याकाळ पाणी आणि कुंडी ओल्या वाळूच्या परातीत, एवढे पथ्य अटळ आहे.

तीन आक्षेप

पहिला, बोन्साय म्हणजे झाडावर अत्याचार. झाडाला उपाशी ठेवून खुजे करतात हा समज चुकीचा आहे. उपाशी झाड मरते. नियमित खत, पाणी आणि छाटणी मिळालेले बोन्साय जमिनीवरच्या भावंडाइतके किंवा जास्तही जगू शकते. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहात एक पांढरी पाइन आहे. तिची जोपासना १६२५ पासून चालू असल्याचे मानले जाते. हिरोशिमाच्या अणुबॉम्बमधूनही ती वाचली आणि १९७६ मध्ये अमेरिकेला भेट मिळाली. दुर्लक्षाने मेलेले बोन्साय हा आक्षेपाचा खरा विषय आहे, पण तो कलेवर नव्हे, निष्काळजीपणावर आहे.

दुसरा, घरात पिंपळ नको, औदुंबराला कात्री नको, वास्तूला बोन्साय चालत नाही. या श्रद्धेशी वाद घालून काही साधत नाही. ज्याला संकोच वाटतो त्याने नांदरुक किंवा डाळिंब घ्यावे.

तिसरा आक्षेप मात्र गंभीर आहे. जिथे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते तिथे हा छंद शोभतो का? कुंडीतल्या एका झाडाला उन्हाळ्यात दिवसाला एक-दोन लिटर पाणी लागते. तांदूळ-भाजी धुतलेले पाणी त्यात चालते. पण हिशेब झाडांच्या संख्येवर आहे. पाच झाडे घरच्या सांडपाण्यावर जगतात, पन्नास नाही. टंचाईच्या वर्षी झाडे पुन्हा जमिनीत, बांधाच्या सावलीत पुरून ठेवणे हा उपाय आहे. म्हणूनही शेत असलेल्या माणसाने जमिनीतली वर्षे लांबवावीत.

वर्षांचा आराखडा

सगळे एकत्र मांडले तर वडाच्या एका झाडाचा प्रवास साधारण असा दिसतो. पहिल्या वर्षी ज्येष्ठात छाट कलम, कात्री बंद. दुसऱ्या मृगात फरशीवर जमिनीत, कात्री बंद. तिसरे वर्ष मोकळी वाढ, बळीची फांदी. चौथ्या आर्द्रात पहिला मोठा काप, हस्तापर्यंत नव्या शेंड्याची निवड आणि त्याला तारेचे वळण. पाचव्या वर्षी दुसरा, वरचा काप आणि खालच्या फांद्यांची निवड, ऑक्टोबरच्या फुटीत फक्त हलकी खुडणी. सहाव्या मृगात बाहेर काढणे आणि खोल कुंडी. सातव्या-आठव्या वर्षी दोन पानांवर मागे घेण्याची चक्रे, मग उथळ कुंडी आणि त्याच्या पुढच्या वर्षी कुठे पाने काढणे. चिंचेला यात तीन-चार वर्षे वाढवावीत.

या आराखड्यात पहिल्या तीन वर्षांत कात्री जवळजवळ नाही आणि सहाव्या वर्षापर्यंत कुंडी नाही. विकत घेताना हाच प्रश्न विचारावा: हे झाड जमिनीत किती वर्षे होते, आणि खोडाला कितीदा काप मिळाला? कापाच्या भरलेल्या खुणा दाखवता येत असतील तर किंमत मोजावी. नुसती कुंडी सुंदर असेल तर त्याच पैशात सिकेटर घ्यावे आणि ज्येष्ठाची वाट पाहावी.